अख्खा भारत कमी पैशात, पाठीवर बॅग टाकून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून निघायचं, ट्रेन आणि सरकारी बसने देशभर दोन-तीन महिने फिरायचं आणि खिसा फाटू द्यायचा नाही, असं ठरवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केलेत. उत्तरं भारतीय नागरिकांसाठी आहेत, विमानाने जाणाऱ्यांसाठी नाहीत. रेल्वेचे नियम सारखे बदलतात त्यामुळे तिकीट काढताना एकदा तपासून घ्याच.

१. एक आकडा सांगा. दोन महिन्यांना किती पैसे लागतील?

माणशी दिवसाला १,००० ते १,३०० धरा, म्हणजे दोन महिन्यांचे साधारण ६० ते ८० हजार. यात डॉर्ममधला (हॉस्टेलच्या सामायिक खोलीतला) बेड, तीन वेळचं साधं जेवण, चहा, शहरातल्या बस-रिक्षा आणि स्लीपरची तिकिटं आली. खरेदी, राफ्टिंग, बाइक भाड्याने घेणं हे यात नाही, आणि लडाख, स्पिती, ईशान्येकडचा आतला भाग, अंदमान याला हा आकडा पुरत नाही कारण तिथे शेअर जीपचंच भाडं दिवसाचं बजेट खाऊन टाकतं.

पण खरं सांगायचं तर पैसा अंतरात जात नाही, घाईत जातो. मुंबई ते गुवाहाटी स्लीपरने गेलात तर अंतराच्या मानाने फार पैसे लागत नाहीत. पैसे कधी जातात, तर उद्याच पुढे जायचंय, तत्काळ मिळालं नाही, मग खाजगी व्होल्वो, रात्री दोनला स्टँडवर उतरलात, रिक्षावाला सांगेल ते भाडं, समोर दिसेल ती रूम. एका गावात चार-पाच दिवस राहणाऱ्याचा रोजचा खर्च रोज गाव बदलणाऱ्यापेक्षा कितीतरी कमी येतो. बेडचा भाव घासाघीस करून उतरतो, स्वस्त खानावळ सापडते, बस नंबर कळतात.

याशिवाय कुठूनही विमानाने घरी यायचं म्हटलं तर पुरतील एवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते विसरा.

२. माझ्याकडे एकच महिना आहे, सगळा भारत होईल का?

नाही. भोज्याला हात लावून परत येणार असाल तर होईल. एका महिन्यात दोन पट्टे नीट होतात, उदाहरणार्थ हिमाचल-पंजाब-राजस्थान, किंवा हंपीपासून खाली तमिळनाडू-केरळ करून कोकण रेल्वेने परत. बाकीचं पुढच्या वेळी.

३. कुठल्या महिन्यात निघू आणि आधी कुठे जाऊ?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. चार महिने हातात असतील तर सप्टेंबरच्या शेवटी निघा आणि देशाला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फेरी मारा.

आधी वर, म्हणजे हिमाचल आणि उत्तराखंड. पाऊस संपलेला असतो, आकाश स्वच्छ, आणि उंचावरचे रस्ते बर्फाने बंद व्हायला अजून थोडा वेळ असतो. ऑक्टोबरमध्ये अमृतसर करून राजस्थानात उतरा, ऊन सहन होण्याइतकं झालेलं असतं. कार्तिक पौर्णिमेला एकतर पुष्करची जत्रा नाहीतर काशीची देवदिवाळी, दोन्ही एकाच दिवशी असतात त्यामुळे एकच निवडा, आणि दोन्हीकडे त्या आठवड्यात बेडचे भाव दुप्पट-तिप्पट होतात हे धरून चाला. मग बंगाल आणि ईशान्य. नागालँडचा हॉर्नबिल महोत्सव कोहिमाजवळ किसामाला १ ते १० डिसेंबर असतो, बघण्यासारखा आहे पण बजेटवाल्यांनी तंबूची सोय आधी करूनच जावं. डिसेंबरच्या मध्यावर ओडिशामार्गे खाली सरका.

दक्षिणेत घाईने पोचू नका. आपल्याला सवय जून ते सप्टेंबरच्या पावसाची, पण तमिळनाडूत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, चक्रीवादळं पण त्याच दिवसांत. जानेवारीत सगळं छान असतं. तंजावर चुकवू नका. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास मराठीत आहे, देवनागरीत, भिंतभर. घरापासून हजारभर किलोमीटरवर दगडावर आपली भाषा वाचत उभं राहायला मजा येते, आणि तिथला रखवालदार आपण वाचतोय बघून स्वतःहून पुढचा भाग दाखवायला येतो. मग केरळ, आणि कोकण रेल्वेने घरी.

दोन गोष्टी टाळा. दिवाळी ते छठ या आठवड्यात दिल्ली-मुंबईकडून बिहार-यूपीला जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. आणि डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीत उत्तरेत धुकं, गाड्या पाच-सहा तास लेट ही रोजची गोष्ट (लेट झाल्यावर काय करायचं ते प्रश्न २० मध्ये).

उन्हाळ्याचीच सुट्टी असेल तर फक्त डोंगर, आणि तिथे निम्मा देश आलेला असणार ही तयारी ठेवा.

४. सगळी तिकिटं आधीच बुक करून ठेवू का?

नको. कणा तेवढा बुक करा, म्हणजे जायची पहिली लांब गाडी, परतीची गाडी आणि मधल्या दोन-तीन रात्रीच्या गाड्या ज्यांना कायम गर्दी असते. बाकी मोकळं सोडा.

रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० दिवस होते), सकाळी ८ ला. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडून घ्या, नाहीतर उघडण्याच्या दिवशी तुमचा नंबर येईपर्यंत सीट संपतात. जोडलं की महिन्याला १२ ऐवजी २४ तिकिटं काढता येतात, ग्रुपमध्ये तिकिटं काढायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याला हे लागतंच. कन्फर्म स्लीपर बऱ्याच आधी रद्द केलं तर माणशी १२० रुपये कापतात, तेवढी किंमत मोकळेपणासाठी द्यायला हरकत नाही. पण उगाच पाच-पाच तिकिटं अडवून ठेवू नका, दुसऱ्या कुणाची तरी गाडी चुकते.

५. वेटिंग तिकीट आहे, चढून टीसीशी बोलू का?

आता नाही चालत. ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात, म्हणजे तुम्ही विनातिकीट ठरता. काउंटरचं वेटिंग असेल तरी मे २०२५ पासून स्लीपर आणि एसीत बसू देत नाहीत, जनरलमध्ये जावं लागतं.

वेटिंगचा प्रकार मात्र बघा. जीएनडब्ल्यूएल (गाडीच्या मुख्य कोट्यातलं वेटिंग) असेल तर आशा ठेवा. पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल असेल तर आकडा छोटा दिसला तरी फसू नका, मधल्या स्टेशनांचा कोटा छोटा असतो आणि ते सहज सरकत नाही. आरएसी मिळालं तर बिनधास्त जा, साइड लोअर दोघांत वाटून बसायचं, बऱ्याचदा रात्रीतून बर्थ मिळतो.

६. तत्काळ कधी उघडतं? मला कधीच मिळत नाही.

गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी, एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणी लागते.

लोक गडबडतात ते इथे: आदला दिवस म्हणजे गाडी जिथून सुटते तिथला आदला दिवस. गाडी डिब्रुगडहून मंगळवारी निघून तुमच्या स्टेशनात गुरुवारी येत असेल तर तत्काळ सोमवारी उघडणार. लांबच्या गाड्यांना हे विसरलं की वरातीमागून घोडं. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर एक पैसा परत मिळत नाही.

७. सर्क्युलर तिकीट म्हणजे काय? खरंच स्वस्त पडतं का?

पडतं, आणि फार कमी लोकांना माहीत आहे. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं किलोमीटरमागे कमी होत जातं. सहा वेगवेगळी तिकिटं काढली की प्रत्येक वेळी तुम्ही पहिल्या, महाग किलोमीटरपासून सुरू करता. सर्क्युलर तिकिटात सगळा प्रवास एकत्र मोजून त्याचे दोन अर्धे करतात आणि दोन लांब प्रवासांचं भाडं घेतात.

अटी अशा. जिथून निघालात तिथेच परत यायचं, मार्ग गोल असला पाहिजे, मधे जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. मुदत ठरते अंतरावरून, ४०० किलोमीटरला प्रवासाचा एक दिवस आणि २०० किलोमीटरला मुक्कामाचा एक दिवस. म्हणजे ६,००० किलोमीटरचा गोल असेल तर १५ अधिक ३०, एकूण ४५ दिवस.

हे ऑनलाइन मिळत नाही. मोठ्या स्टेशनच्या किंवा विभागाच्या वाणिज्य कार्यालयात मार्ग लिहून अर्ज द्यायचा, ते हिशोब करून कागद देतात, तो दाखवून काउंटरवर तिकीट काढायचं, आणि मग प्रत्येक टप्प्याचं रिझर्वेशन वेगळं करायचं. साध्या काउंटरवर विचारलंत तर समोरचा कारकून "असं काही नसतं" म्हणून तुम्हाला वाटेला लावण्याची शक्यता आहे, त्याला दोष देऊ नका, वर्षभरात त्याच्याकडे एखादाच येत असेल. नम्रपणे सुपरवायझरकडे जायचं.

तोटा एकच पण मोठा आहे, मार्ग आधी पक्का करावा लागतो. मनात येईल तिथे उतरणाऱ्यांनी याच्या नादी लागू नये. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने सुटी तिकिटंच काढावीत.

८. साध्या तिकिटावर मधे उतरून दोन दिवसांनी पुढे जाता येतं का?

५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर एकदा, १,००० पेक्षा लांबच्यावर दोनदा, प्रत्येक वेळी दोन दिवसांपर्यंत. पण पहिले ५०० किलोमीटर संपल्याशिवाय उतरता येत नाही आणि राजधानी, शताब्दी, जनशताब्दीला हे लागू नाही. तिकीट काउंटरवर काढताना सांगा आणि उतरल्यावर स्टेशनमास्तर किंवा टीसीकडून तिकिटावर तशी नोंद करून घ्या.

९. जनरल, स्लीपर की थ्री एसी?

मार्च ते जून सोडून स्लीपर. खिडकी उघडते, चहावाला येतो, आणि समोरचे काका बिलासपूर येईपर्यंत तुमचा सगळा बायोडेटा काढून घेतात, प्रवासाचा अर्धा आनंद तिथेच आहे. उन्हाळ्यात किंवा आजारी असाल तर थ्री ई (एसी थ्री इकॉनॉमी) बघा, ते थ्री एसीपेक्षा थोडं स्वस्त असतं. जनरल फक्त दिवसा, चार तासांच्या आत, तिकीट रेलवन अॅपवर निघतं.

बर्थ अप्पर घ्या. दिवसभर झोपता येतं, बॅग उशाशी राहते, आणि रात्री १० ते सकाळी ६ च्या मिडल बर्थच्या भांडणात पडावं लागत नाही. उंच असाल तर साइड अप्पर मात्र नको, पाय दुमडूनच रात्र काढावी लागते.

एकदा तरी विवेक एक्सप्रेस करायची खुमखुमी अनेकांना असते. डिब्रुगड ते कन्याकुमारी, सुमारे ४,२०० किलोमीटर, तीन दिवसांपेक्षा जास्त. हौस असेल तर करा पण तिसऱ्या दिवशी डब्यातल्या संडासाची जी अवस्था होते ती आधीच डोळ्यांसमोर आणा.

१०. रोज रात्री ट्रेनमध्येच झोपलो तर राहायचे पैसे वाचतील ना?

वाचतील, आणि आठव्या दिवशी तुम्ही आजारी पडाल. लागोपाठ दोन रात्री गाडीत काढायच्या नाहीत हा नियम पाळा. पहाटे पोचलात आणि हॉस्टेलचं चेक-इन दुपारी असेल तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम किंवा तिची डॉर्म बघा, कन्फर्म किंवा आरएसी पीएनआर असेल तर आयआरसीटीसीवर बुक होते. नुसती बॅग ठेवायची असेल तर क्लोकरूम, पण बॅगेला कुलूप पाहिजे नाहीतर घेत नाहीत.

११. स्वस्तात राहायचं कुठे? हॉस्टेल सोडून काही आहे का?

तीर्थक्षेत्री धर्मशाळा, अजूनही. हरिद्वार, काशी, उज्जैन, रामेश्वर इथे साधी स्वच्छ खोली हॉस्टेलच्या बेडच्या भावात मिळते. काही ठिकाणी एकट्या पुरुषाला खोली देत नाहीत, फोनवरच विचारून घ्या. दिल्लीत पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, कोलकात्यात हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे. आधी फोन करून जायचं, आणि तिकडे मराठीत बोलायचं. यूथ हॉस्टेल असोसिएशनची मेंबरशिप काढली तर त्यांची हॉस्टेलं पण स्वस्त पडतात.

लग्न न झालेल्या जोडप्यांनी बुक करताना स्पष्ट विचारावं, कायद्याने बंदी नसली तरी धर्मशाळा आणि बरीच लॉजेस नाही म्हणतात. आणि काही हॉस्टेलं त्याच शहराचा पत्ता असलेल्या माणसाला डॉर्म देत नाहीत, तेव्हा पुण्याच्या माणसाने पुण्यात हॉस्टेल शोधू नये.

१२. गुरुद्वाऱ्यात राहता येतं का? आपण शीख नाही.

येतं, आणि लंगर तर सगळ्यांसाठीच असतो. डोकं झाकायचं, पाय धुवायचे, तंबाखू-सिगारेट खिशातसुद्धा नको. प्रसाद-रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. राहायची सोय एक-दोन रात्रींसाठी असते, ती हॉटेल समजून आठवडा ठोकू नका, आणि जमेल तेवढी सेवा करा, भांडी घासायला कायम माणसं लागतात.

सुरुवात आपल्या नांदेडच्या हुजूर साहिबपासूनच करता येईल. तिथून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस ही दोन हजार किलोमीटरच्या वर जाते आणि वाटेत काही स्टेशनांवर सेवादार डब्याशी येऊन फुकट लंगर वाढतात. नेहमीचे प्रवासी गाडी थांबायच्या आत ताट-डबा घेऊन दारात उभे असतात, कढी-भात किंवा भाजी वाढून दोन मिनिटांत पुढच्या दाराकडे. स्वतःचं भांडं न्या. नवखे लोक हातात कागद धरून उभे राहतात आणि गरम आमटी बघून हात मागे घेतात.

१३. मी शाकाहारी आहे, वर उपवास पण करते. बंगाल आणि ईशान्येत उपाशी मरेन का?

मरणार नाही. कुठल्याही गावात एक मारवाडी भोजनालय असतंच, नसेल तिथे डाळ-भात-आलूभाजी असते. पण "व्हेज" म्हटल्यावर ईशान्येत मासे नाहीत एवढंच समजण्याची शक्यता असते, म्हणून काय काय नको ते नाव घेऊन सांगा. साबुदाण्याची आशा सोडा, उपवासाला केळी, शेंगदाणे, उकडलेला बटाटा. राजगिऱ्याचे लाडू घरून न्या, महिनाभर टिकतात.

स्वस्ताईसाठी: कर्नाटकात इंदिरा कॅन्टीनला नाश्ता ५ रुपये आणि जेवण १०, तमिळनाडूत अम्मा उणवगम. मोठ्या स्टेशनांवर जनरल डब्यासमोर २० रुपयांचं पुरीभाजीचं पाकीट मिळतं, बरं असतं. रेलनीरची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे, कुणी २० मागितले तर छापील किंमत दाखवा.

१४. आईसोबत निघालेय. एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याबाहेर चालते का?

हद्दीपर्यंतच. एसटीची गाडी पणजीला जात असली तरी महाराष्ट्रातल्या अंतराला अर्धं आणि पुढे पूर्ण भाडं. ७५ वर्षांवरच्यांचा मोफत प्रवास पण तसाच. कर्नाटक आणि तेलंगणातली महिलांची मोफत बस तिथल्या रहिवासी बायकांसाठी आहे, आपलं आधार दाखवून चालत नाही. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती परत आलेली नाही. मात्र ४५ वर्षांवरच्या महिलांना जागा असेल तर लोअर बर्थ आपोआप मिळतो, आईचं वय बरोबर टाका.

निघण्याआधी किंवा आल्यावर महाराष्ट्रच फिरायचा असेल तर एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास आहे, ४ किंवा ७ दिवसांचा.

१५. बॅग केवढी घेऊ?

४० लिटर, भरून ८-९ किलोच्या आत. कपड्यांचे तीन जोड, एक गरम, एक रेनकोट, पंचा (जाड टॉवेल वाळत नाही), चेन आणि कुलूप. स्लीपरमध्ये खालच्या बर्थखाली चेन अडकवायला कडी असते. थंडीचे कपडे डोंगर उतरल्यावर पोस्टाने पार्सल करून घरी पाठवा, तीन महिने वाहत बसू नका.

१६. कुठे कुठे परमिट लागतं? आपल्याच देशात परमिट कशाला?

कशाला याची गोष्ट इंग्रजांच्या काळापासूनची आहे, तूर्त कुठे लागतं ते बघा.

अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या चार राज्यांत शिरायलाच इनर लाइन परमिट लागतं. अरुणाचल आणि नागालँडचं ऑनलाइन निघतं, प्रिंट काढून दोन-तीन प्रती ठेवा, चेकपोस्टवर मोबाइल दाखवून भागेलच असं नाही. मणिपूरला २०२३ पासूनची परिस्थिती पाहता बातम्या बघूनच ठरवा. आसाम, मेघालय, त्रिपुराला काही लागत नाही. मिझोरामला आता ऐझॉलजवळच्या सैरांगपर्यंत ट्रेन जाते (सप्टेंबर २०२५ पासून), पण ट्रेन गेली म्हणून परमिट सुटलं असं नाही.

सिक्कीमला गंगटोकपर्यंत मोकळं. त्सोमगो तलाव, नथुला, गुरुडोंगमार यांना वेगळं परमिट आणि तेही नोंदणी असलेल्या एजंटमार्फत, गाडी सकट. एकट्याला महाग पडतं, हॉस्टेलच्या फळ्यावर नाव लिहून गाडी भरायची वाट बघा. लडाखला लेहपर्यंत मोकळं, नुब्रा, पँगाँगला काय लागतं ते निघण्याआधी तपासून घ्या.

आधारसोबत मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट मूळ प्रत घेऊनच निघा आणि पासपोर्ट साइजचे डझनभर फोटो.

१७. मोबाइल आणि पैशांचं काय? यूपीआय सगळीकडे चालतं ना?

जिथे रेंज असते तिथे. स्पितीत, अरुणाचलच्या आतल्या भागात लाइट गेले की रेंज जाते आणि एटीएमसुद्धा. डोंगरात शिरताना तीन-चार दिवसांची कॅश, त्यात १०० च्या नोटा जास्त. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. एक जरी नंबर पोस्टपेड करून घेतलात तर बँकेचे ओटीपी येत राहतात, नाहीतर पैसे असून पंचाईत.

१८. एकटी मुलगी जाऊ शकते का? खरं सांगा.

जातात, खूप जातात. खरं सांगायचं तर हिमाचल, ईशान्य आणि दक्षिण सोपं जातं, दिल्ली आणि आसपासचा पट्टा रात्रीच्या वेळी अवघड. मुक्कामाला अंधार पडायच्या आत पोचायचं हा एक नियम पाळला की निम्म्या भानगडी टळतात, आणि त्यासाठी गाडीची वेळ बघून तिकीट काढायचं, भाडं बघून नाही. पहिल्या रात्रीचं बुकिंग कायम आधी. डब्यात काही झालं तर १३९, इतरत्र ११२, पर्यटकांची हेल्पलाइन १३६३. घरातल्या एकाला रोजचा पीएनआर पाठवा.

नवी दिल्ली स्टेशनबाहेर "तुमची गाडी रद्द झाली, ऑफिसात चला" म्हणणारे मुलींनाच नाही, सगळ्यांनाच गाठतात. गाडी रद्द झालीय का ते अॅपवर दिसतं, कुणाच्याही मागे जायचं नाही.

१९. घरचे नको म्हणतायत.

तारखा, गाड्या आणि पहिल्या पंधरा दिवसांचे मुक्कामाचे पत्ते कागदावर लिहून दाखवा, फ्रिजला लावा. "बघू तिकडे गेल्यावर" हे वाक्य घरात उच्चारू नका. बाबा नांदेड-अमृतसरवर (प्रश्न १२) लवकर राजी होतात असा अनुभव आहे, देवाचं नाव निघालं की गाडी पुढे सरकते.

२०. गाडी लेट झाली आणि पुढची चुकली, दोन्ही पैसे गेले का?

दोन वेगळ्या केसेस आहेत.

तुमच्या स्टेशनवर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही जाणार नसाल तर पूर्ण पैसे परत, तत्काळचे सुद्धा. पण टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) गाडी प्रत्यक्षात निघायच्या आत भरायचा, नंतर भरलेला चालत नाही.

पहिली लेट आली म्हणून दुसरी चुकली तर, दोन्ही पीएनआर आयआरसीटीसीवर आधीच एकमेकांना जोडलेले असतील तरच दुसऱ्याचे पैसे न कापता मिळतात. प्रवाशांची नावं दोन्हीकडे सारखी पाहिजेत. ही सोय २०१९ पासून आहे. तरी धुक्याच्या दिवसांत दोन गाड्यांमध्ये एक अख्खी रात्र ठेवा, पैसे मिळाले म्हणून बर्थ मिळत नाही.

२१. माझ्या स्टेशनवरून वेटिंग दाखवतंय पण गाडीच्या पहिल्या स्टेशनवरून सीट आहेत. काय करू?

पहिल्या स्टेशनपासून तिकीट काढा आणि बोर्डिंग पॉइंट तुमचं स्टेशन टाका. थोडे पैसे जास्त जातात पण तत्काळपेक्षा कमी. बोर्डिंग बदलायला विसरलात आणि पहिल्या स्टेशनवर दिसला नाहीत तर टीसी तुमचा बर्थ आरएसीवाल्याला देऊन मोकळा होतो, आणि एकदा बोर्डिंग पुढचं टाकलं की आधीच्या स्टेशनवरून चढण्याचा हक्क राहत नाही.

२२. उंचीवर त्रास होतो का? मी तर सह्याद्रीत दर आठवड्याला ट्रेक करते.

त्याचा काही संबंध नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, लेह ३,५०० च्या आसपास. फिट माणसंच जास्त घाई करतात आणि आडवी होतात. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा, पाणी प्या, दारू नको. डोकं दुखतंय आणि उलट्या होतायत तर अजून वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. उंचीच्या त्रासावरची गोळी आधीपासून घ्यायची का हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

२३. जाता जाता नेपाळ-भूतान पण करू का?

नेपाळ करा, गोरखपूरहून सोनौली जवळ आहे, व्हिसा लागत नाही. भूतानला भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये शुल्क आहे, तुमचं दिवसाचं अख्खं बजेट तेवढंच आहे (प्रश्न १). फुंटशोलिंग गावात दिवसभर भटकून संध्याकाळी जयगावला परत या, त्याला शुल्क नाही. भूतानला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं.

२४. लॅपटॉप घेऊन काम करत करत फिरता येईल का?

शहरात हो, गाडीत नाही. मीटिंग असलेल्या दिवशी प्रवास ठेवू नका, आणि स्पितीला जाणार असाल तर सुट्टीच टाका.